पालकांच्या लेखी परवानगीने

६ जुलै २०२४
आश्रमशाळा, भामरागड तालुका

निकेश,

तुमच्या संस्थेचे चारही खोके पोहोचले. सोबतच्या कागदावर पोचपावती मागितली आहे, ती हीच समज. दीड वर्षानंतर तुला लिहिते आहे ते या खोक्यांमुळे, आठवण आली म्हणून नाही. आणि हे शुद्ध मराठीत लिहिते आहे. नागभीडच्या घरात आपण बोलायचो ती बोली मी घरच्या माणसांसाठी ठेवली आहे.

खोके आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी पर्लकोटा नदीवरचा पूल बुडाला. एक दिवस उशीर झाला असता तर हे सगळं वाचायची वेळ माझ्यावर आली नसती. इतवारी, आमच्या शाळेचा कामाठी, त्याने आणि मी मिळून खोके ओढत वर्गात नेले. मुलं भोवती उभी राहिली. त्यांना वाटलं, कॅरमबोर्ड आला.

निघाली ती 'इंग्रजी व माध्यम साक्षरता, इयत्ता नववी'. गुळगुळीत कागद, प्रत्येक पानावर चार रंग. तिसऱ्या पानावर लेखकाचं नाव, निकेश रामटेके. अभिनंदन. आईला फोटो पाठव, ती शेजारच्या रेल्वे क्वार्टरांमधून सगळ्यांना दाखवून येईल.

मी पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. पाठ दुसरा: मेट्रो स्थानकावरच्या जाहिरातींची यादी करा. पाठ चौथा: घरी येणाऱ्या दोन वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांची तुलना करा. आमच्याकडे वर्तमानपत्र तिसऱ्या दिवशी येतं, तेही बसवाल्याच्या जेवणाच्या डब्याला गुंडाळून. पाठ पाचवा, संभाषण: विमानतळावर तुमची बॅग हरवली आहे, काउंटरवरच्या बाईंशी इंग्रजीत बोला.

हा पाठ मी खरंच घेतला. विक्की उसेंडी उभा राहिला. मला विचारतो, "बाई, बॅगमधी का होतं?"

मी म्हटलं, "तुझ्या मनाला येईल ते."

तो म्हणाला, "मंग मी नेलीच नसती. घरीच ठेवली असती."

वर्ग हसला. मीही हसले. तुझ्या पुस्तिकेने आम्हाला दिलेला तेवढाच आनंद.

पुण्यात जन्मलेल्या एखाद्याने हे लिहिलं असतं तर मी सोडून दिलं असतं. त्याला काय माहीत? पण तू इथे अकरा महिने शिकवलंस. एकतीसपैकी सत्तावीस मुलं घरी माडिया बोलतात, मराठी त्यांची दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी, हे तुला कुणी सांगायला नको. तू याच बाकांसमोर उभा होतास. मग २०२२च्या फेब्रुवारीत, दहावीची परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली असताना, तुला पुण्याहून बोलावणं आलं आणि तू गेलास. त्या वर्षी एकोणीसपैकी अकरा मुलं इंग्रजीत नापास झाली. तू त्यांचा निकाल कधी विचारला नाहीस. आता मात्र तू देशभरच्या शिक्षकांना मार्गदर्शन करतोस. शिक्षक मार्गदर्शिकेतली पहिलीच सूचना: 'शिक्षकाने प्रसन्न चेहऱ्याने वर्गात प्रवेश करावा.'

पोचपावती पुरी.

नीलिमा रामटेके
प्रभारी मुख्याध्यापिका


२४ जुलै

निकेश,

पूल मोकळा झाला की इतवारी टपाल घेऊन जाईल. तोवर लिहून ठेवते. मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही, ते अपेक्षितच होतं.

शेचाळिसावं पान बरं आहे. 'प्रत्येक छायाचित्रामागे कुणाची तरी इच्छा असते.' हे वाक्य तुझं असेल असं वाटत नाही. मी ते फळ्यावर लिहिलं आणि मुलांना म्हटलं, पान उलटा.

सत्तेचाळिसावर काय आहे ते तू जाणतोसच. पानभर फोटो, काळा-पांढरा. दारात उभी असलेली एक मुलगी, पायात काही नाही, फाटकं पुस्तक छातीशी धरलेलं. खाली इंग्रजीत ओळ: राणी, वय बारा, आमचा संच गावात येईपर्यंत हिने कधी पुस्तक हातात धरलं नव्हतं. त्याखाली प्रश्न: हा फोटो पाहून तुम्हाला काय वाटतं? दुःख, आशा, कृतज्ञता यांपैकी एकाला गोल करा.

कांता सगळ्यात आधी ओरडली, "बाई, हे तं आपली रिना होय!"

मग सगळा वर्ग रिनाकडे वळला. रिना पुंगाटी, सोमाजींची मुलगी, दुसऱ्या बाकावर बसते. सहावीत असताना तिने पाहुण्यांसमोर अख्खी इंग्रजी गोष्ट न अडखळता वाचली होती, तुझ्याच हाताखाली. गावात पुस्तक न पाहिलेली मुलगी ती ही! मागच्या बाकावरून कुणीतरी "रानी, रानी" सुरू केलं. कृतज्ञतेला गोल करू का, असं एकाने विचारलं. मी डस्टर आपटलं तरी हसणं थांबेना.

रिना रडली नाही. तिने पुस्तिका उलटी केली आणि शेवटचं पान उघडलं, जिथे छापखान्याचा पत्ता असतो, जे कुणी वाचत नाही. बोट ठेवून बारीक अक्षरं वाचली. मग हात वर केला.

"बाई, इथं लिवून हाय. सगळे फोटो पालकांच्या लेखी परवानगीनं. माह्या बाबानं कधी देल्ली?"

मी म्हटलं, उद्या बघू. तास तिथेच थांबवला. घंटेला वीस मिनिटं होती.

तिने त्याच दुपारी गावच्या एका माणसाबरोबर निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी सोमाजी आले आणि तिची पेटी डोक्यावर घेऊन तिला घेऊन गेले. माझ्याशी बोलले नाहीत. वसतिगृहाच्या वहीत कारण लिहिलं आहे, 'घरी काम'. नववीतली मुलगी इथून पेटी घेऊन गेली की तिचं पुढे काय होतं, ते तुला ठाऊक आहे. पुढच्या वर्षी लग्नाची पत्रिका येते.

तू तिचं नाव बदललंस, म्हणजे तिची काळजी घेतलीस असं तुला वाटलं असेल. तू तिची सहा वर्षांची शाळा एका ओळीत खोडून टाकलीस आणि वर तिलाच गोल करायला सांगितलंस. हिला काही झालं तर त्याला जबाबदार तू. फक्त तू.

नीलिमा


१४ ऑगस्ट

निकेश,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. हे पत्र त्यासाठी आहे. तुला बरं वाटावं म्हणून नाही.

परवा मी रिनाच्या गावी गेले. चौदा किलोमीटर, मधे दोन नाले, एकात कमरेपर्यंत पाणी. इतवारी सोबत होता. रोवणी चालू होती. रिना बांधीत वाकून धान लावत होती. मला पाहिलं, हातातली पेंडी संपवली आणि मगच पाय धुऊन वर आली.

सोमाजींनी जोहार केला, खाट टाकली, पाणी दिलं. मी तयारीने गेले होते. वाटभर वाक्यं जुळवली होती. म्हटलं, झालं ते वाईट झालं, पण ते पुण्याच्या लोकांनी केलं, शाळेने नाही. मुलीचं वर्ष वाया घालवू नका.

सोमाजी म्हणाले, "पोरगी विचारून राह्यली, परवानगी कोनं देल्ली."

आणि मी, प्रभारी मुख्याध्यापिका, तोंडातून बोलून गेले, "कागद आहे ना आमच्याकडे. तुमचा अंगठा आहे त्यावर."

 ते आत गेले, रेशनकार्ड घेऊन आले आणि माझ्यापुढे धरलं. खाली सही होती. सोमाजी पुंगाटी, मोठं वळणदार अक्षर.

"मी सही करतो, बाई," ते म्हणाले. "रिना चौथीत होती तवा तिनंच शिकवली. अंगठा नाई मारत मी."

इतवारीने मान खाली घातली. रिना माझ्या हाताकडे पाहत होती. मी हात पदरात घेतला, हे मला आता लिहितानाही आठवतं.

आता तुला माहीत असलेलंच पुन्हा लिहिते, कारण हे कुठेतरी लिहिलेलं असायला हवं. दीड वर्षांपूर्वी, जानेवारीत, तू पुण्याहून कॅमेरा घेऊन आलास. शाळेला पुस्तकांचं कपाट मिळेल म्हणालास, फक्त एक चांगला फोटो हवा. फॉर्म माझ्या टेबलावर होता. मी म्हटलं, तिच्या बापाला विचारायला हवं. तू म्हणालास, "ताई, चौदा किलोमीटर कोन जाते? काई होत नाई." शाईचा पॅड तू धरलास. अंगठा माझा होता. नंतर तो मी ओल्या फडक्याने किती वेळ पुसला, आणि तू दारात उभा राहून कपाट केवढं मोठं आहे ते सांगत होतास.

कपाट आलं. शाळेच्या नावापेक्षा तुमच्या संस्थेचं नाव मोठं. आत तुमचे चार वर्षांचे वार्षिक अहवाल, प्रत्येकाच्या पन्नास प्रती. मुलांनी त्यांची वह्यांना कव्हरं घातली. मी तुझ्याशी बोलणं सोडलं ते तेव्हापासून. आईला सांगत राहिले की, तू पोरांना टाकून गेलास म्हणून मी रागावले आहे. ते कारण खरंही होतं आणि सोयीचंही होतं. तुझ्याबद्दल तुच्छतेने बोलत राहिलं की स्वतःकडे बघावं लागत नाही.

अंगणात मी सोमाजींना सांगितलं, अंगठा माझा आहे. ते माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते उठून बांधीकडे गेले.

रिना थांबली. म्हणाली, "मी येतो, बाई. पन ते पान वर्गात पुरं करू. खरं खरं लिवून."

मी हो म्हटलं.

नीलिमा


२ सप्टेंबर

निकेश,

रिना परत आली. सोमाजींनी पेटी आणली, वसतिगृहाच्या वहीत सही केली आणि ती सही मला दिसेल अशी वही वळवून ठेवली.

पान सत्तेचाळीस आम्ही शनिवारी घेतलं. तुझे गोल करायचे प्रश्न बाजूला ठेवले. मी मुलांना म्हटलं, हा फोटो कसा काढला गेला ते इंग्रजीत चार वाक्यांत लिहू. आधी मी लिहिते, मग तुम्ही.

कर्मणी प्रयोग मी त्यांना ऑगस्टमध्ये शिकवला होता, कर्ता 'बाय' लावून शेवटी आणायचा. मी फळ्यावर लिहिलं: रिना वॉज फोटोग्राफ्ड. हर स्लिपर्स वेअर रिमूव्ह्ड. अ टॉर्न बुक वॉज गिव्हन.

तीन वाक्यं लिहिली आणि मला वाटलं, मी खरं लिहिलं.

रिना उभी राहिली. "बाय हूम, बाई?"

वर्गात कुणी हसलं नाही. विक्कीला प्रश्न कळला होता, कांतालाही. मी शिकवलेलं व्याकरण होतं ते. वाक्यात कर्ता नसेल तर 'बाय हूम' विचारा, असं मीच त्यांना दहा वेळा घोकायला लावलं होतं.

चप्पल तिला नवी घेतली होती सोमाजींनी, निळी, बाजारातून. तू म्हणालास, "ताई, चपला दिसून राह्यल्या." आणि मी तिला म्हटलं, काढ गं जरा. फाटकं पुस्तकही मीच रद्दीच्या ढिगातून काढून तिच्या हातात दिलं, तिचं स्वतःचं चांगलं पुस्तक काढून घेऊन. तेव्हा ती सातवीत होती. बाईंनी सांगितलं म्हणून तिने केलं.

मी फळा पुसला. नव्याने लिहिलं: आय टोल्ड हर टू रिमूव्ह हर स्लिपर्स. आय गेव्ह हर अ टॉर्न बुक. माय ब्रदर टुक द फोटोग्राफ. आय पुट माय थंब ऑन हर फादर्स फॉर्म. खडू दोनदा तुटला. मुलांनी उतरवून घेतलं. एकाने 'थंब'चं स्पेलिंग विचारलं, मी सांगितलं.

मग एकतीस जणांनी मिळून तुमच्या संस्थेला इंग्रजीत पत्र लिहिलं. सात मसुदे झाले. मी फक्त स्पेलिंग बघितलं. शेवटचं वाक्य रिनाचं आहे: हर नेम इज नॉट रानी. आज टपालात टाकलं.

तुझ्या पुस्तिकेतून माध्यम साक्षरता शिकता येते, हे मान्य करते. तुझ्याशिवाय.

नीलिमा


१९ ऑक्टोबर

निकेश,

तुमच्या संस्थेचं उत्तर आलं आणि त्याच आठवड्यात तुझा निरोपही आला. दोन्ही एकाच माणसाने लिहिल्यासारखी आहेत.

संस्था लिहिते, 'अनवधानाने काही गैरसमज निर्माण झाले आहेत.' कुणी निर्माण केले? आमच्या नववीतल्या कुठल्याही मुलाने हे वाक्य तासाला दुरुस्त केलं असतं. पुढे लिहितात की मुलांची चिकित्सक दृष्टी पाहून संस्था भारावून गेली आहे, डिसेंबरच्या समारंभात रिनाचा सत्कार करायचा आहे, पुण्याला येण्याजाण्याची सोय होईल, आणि तिचा हसरा फोटो नव्या आवृत्तीच्या मुखपृष्ठासाठी मिळाला तर आनंद होईल. सोबत परवानगीचा कोरा फॉर्म जोडला आहे. पालकांच्या सहीसाठी किंवा अंगठ्यासाठी जागा.

मी तो कागद रिनाला दिला. लपवायचं नाही असं ठरलं आहे. तिने वाचला, वडील आले तेव्हा त्यांना माडियात समजावून सांगितला, आणि पाठीमागे लिहून दिलं: आय डू नॉट गिव्ह परमिशन. खाली दोघांच्या सह्या. तोच कागद परत पाठवला.

आणि तू. तू लिहितोस, "ताई, एवढं ताणू नको, तुझीच नोकरी जाईल. ओळ मी लिहिली नव्हती, वरून आली. पुढच्या आवृत्तीत पान काढू." तू घाबरला आहेस, आणि भीती माझ्या नावाने लिहितोस. ओळ वरून आली म्हणतोस. फोटो कुठून आला?

आता नीट वाच. १४ तारखेला मी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात लेखी दिलं. अंगठा माझा, पॅड तू धरलेला, चपला मी काढायला लावल्या, फोटो तू काढला. तुझं नाव, संस्थेतलं पद, सगळं लिहिलं. आईला मी फोनवर सांगितलं.  ती म्हणाली, "दोघंही माहेच होय," आणि फोन ठेवला. एवढंच.

नीलिमा


२९ नोव्हेंबर

निकेश,

तुला चौकशीची नोटीस मिळाली असेल, पण तू आला नाहीस. संस्थेने वकिलाचं पत्र पाठवलं. म्हणून काय झालं ते तुला कळवते, हे शेवटचं.

प्रकल्प कार्यालयाचे साहेब मंगळवारी आले, सोबत एक लिपिक. ऑफिसात बसले. प्रभार माझ्याकडून त्याच दिवशी काढून घेतला, किल्ल्या मी टेबलावर ठेवल्या. सेवापुस्तकात नोंद होईल, पुढची कारवाई वरून ठरेल. 

मग रिनाला आणि सोमाजींना आत बोलावलं. इतवारीला माडियासाठी उभं केलं होतं, पण रिना मराठीतच बोलली. तिने सगळं सांगितलं, वाढवलं नाही आणि कमीही केलं नाही. चपलेचा रंगही सांगितला.

साहेब भले माणूस. मुलीला त्रास होऊ नये असं त्यांना मनापासून वाटत होतं. ते म्हणाले, "बाळ, बाईंनी स्वतःहून कबूल केलं आहे. तू त्यांना माफ केलं, असं लिहू का? म्हणजे हे प्रकरण लवकर मिटेल."

मी भिंतीशी उभी होते. खरं सांगते, ती हो म्हणावी असं मला वाटलं. इतकं वाटलं की लाज वाटली.

रिना वडिलांशी माडियात बोलली. सोमाजींनी मान हलवली.

"माफ नोका लिवू, साहेब," ती म्हणाली. "बाईनं केलं ते केलं. पन बाईले इथून हलवू नोका. आमची दहावी राह्यली हाय. दहावीपर्यंत इंग्रजी बाईनंच शिकवाव. असं लिवा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग लिपिकाकडे. लिपिकाने लिहिलं. ते मान्य होईल की नाही, हे कुणालाच माहीत नाही. पण मागणी म्हणून ते कागदावर गेलं आहे, आणि त्याखाली सोमाजींनी सावकाश, एकेक अक्षर करत सही केली.

मग साहेबांनी विचारलं, "आणि फोटो काढणाऱ्या सरांबद्दल? त्यांच्याकडून काही हवं आहे का? माफीचं पत्र, काही?"

रिनाने थोडा विचार केला. ती तुझ्यावर चिडली नव्हती. चिडलेली असती तर मी ओळखलं असतं.

"त्यायच्याकडून काही नाई पाह्यजे," ती म्हणाली, आणि दुपारची घंटा झाली म्हणून, जाऊ का, असं विचारलं.

नीलिमा